समाजशास्त्राची पदवी घ्यावी, पण कर्ज कोणाच्या जिवावर?

निकालाचे दिवस आले की रविवारच्या वंदनेनंतर विहारात फायली घेऊन बसलेल्या मुलामुलींची गर्दी होते. भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, मुलुंड इथल्या वस्त्यांतून ही मुले येतात. बहुतेकांचे प्रश्न कागदाचे असतात. उत्पन्नाचा दाखला कुठे काढायचा, जातीच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात काय हवे, आधार बँकेला जोडले तरी पैसे का येत नाहीत. आम्ही चार-पाच जण तिथे बसतो. आमच्यातल्या निम्म्यांनी समाजशास्त्रात किंवा समाजकार्यात एमए केले आहे, त्यामुळे या शाखांकडे जाऊ पाहणारी मुले आमच्याकडे जरा जास्तच येतात.

या वर्षी मुलुंड पश्चिमेच्या डोंगरउतारावरच्या वस्तीतून एक मुलगी आली. समाजशास्त्र घेऊन बीए झालेली, गुण चांगले. वडील सफाईच्या कंत्राटावर, महिना १५ हजार. आई टॉवरमध्ये तीन घरची कामे करते, तिचे ७ हजार. मुलीच्या फायलीत दोन कागद होते. एक खासगी संस्थेतल्या समाजकार्याच्या एमएचा प्रवेश, दोन वर्षांचा सगळा खर्च मिळून सुमारे ४ लाख. दुसरा मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातल्या समाजशास्त्र विभागाचा, जिथे फी काही हजारांत भागते. खासगी संस्थेसाठी बँक कर्ज द्यायला तयार होती. मामा म्हणत होते, दोन्ही सोड आणि अंधेरीला विमानतळावर नोकरी बघ. मुलीने विचारले, "ताई, घेऊ का कर्ज?"

या प्रश्नाला आपल्या समाजात दोन उत्तरे तयार असतात. चळवळीतले ज्येष्ठ म्हणतात, बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले आहे, पैशाकडे काय बघता, समाजाला अभ्यासक हवेत. घरचे म्हणतात, हे शिकून पोट भरत नाही, नर्सिंग कर, आयटीआय कर, बँकेची परीक्षा दे. दोन्ही उत्तरांत प्रेम आहे, पण हिशोब एकाही उत्तरात नाही. सामाजिक शास्त्रे शिकावीत की नाही, यावर आम्ही इथे वाद घालणार नाही. शिकावीतच. पण त्या शिक्षणाचा धोका कोण उचलतो, हे पाहिल्याशिवाय कोणालाही "शिक" म्हणून सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही.

चार लाखांचे सात लाख

आम्ही त्या मुलीसमोर वहीत आकडे मांडले. ४ लाखांचे कर्ज, पहिल्या वर्षी २ लाख आणि दुसऱ्या वर्षी २ लाख. व्याज समजा १० टक्के. अभ्यासक्रम संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, म्हणून लोकांना वाटते की तोवर कर्ज झोपलेले असते. ते झोपत नाही. पहिल्या २ लाखांवर तीन वर्षांचे साधे व्याज ६० हजार, दुसऱ्या २ लाखांवर दोन वर्षांचे ४० हजार. हप्ता सुरू होण्याच्या दिवशी देणे ५ लाख झालेले असते. ते सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ८,३०० रुपये. सात वर्षांत बँकेला जाणार जवळपास ७ लाख.

आता दुसरी बाजू. मुंबईत समाजकार्याची पदवी घेऊन प्रकल्पावर लागलेल्या नवख्या कार्यकर्तीला हातात २०-२२ हजार पडले तर आमच्या ओळखीत ती नोकरी बरी समजली जाते. २२ हजारांतून ८,३०० गेले की उरले १३,७००. विमानतळावर किंवा मालाडच्या कॉल सेंटरमध्ये लागलेली तिच्याच वर्गातली मुलगी दोन वर्षे आधीपासून तेवढाच पगार घेत असेल, आणि तिच्या डोक्यावर हप्ता नसेल. म्हणजे या पदवीची खरी किंमत ४ लाख नाही. व्याज आणि दोन वर्षांची बुडालेली कमाई धरली तर आकडा कुठच्या कुठे जातो.

व्याज सरकार भरते ना, असे कोणीतरी विचारतेच. भरते, पण कोणाचे? केंद्राची व्याज अनुदान योजना वार्षिक ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे, आणि ती व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांपुरती आहे. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास यांतली साधी एमए त्यात बसत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण, विनाजामीन कर्ज आहे, ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांना १० लाखांच्या कर्जावर ३ टक्के व्याजाची सवलतही आहे. पण ती वरच्या क्रमवारीतल्या ठरावीक संस्थांसाठी, सुरुवातीला सुमारे ८६०. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे प्रवेशाआधी पाहायचे असते. बहुतेक मुले ते प्रवेश घेतल्यानंतर पाहतात.

विनातारण म्हणजे बिनधोक, असाही एक गैरसमज आहे. साडेसात लाखांपर्यंत बँक घर गहाण मागत नाही, हे खरे. फोटोपासच्या खोलीवर तशीही कोणती बँक कर्ज देणार! पण शिक्षण कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्ते थकले की नोंद दोघांच्या नावावर चढते. उद्या धाकट्या भावाला रिक्षासाठी कर्ज हवे असेल किंवा पुनर्विकासात मिळालेल्या घराच्या कामासाठी पैसे लागले, तर बँकेचा दरवाजा बंद. एका मुलीच्या पदवीचे कर्ज अख्ख्या घराची पत खाऊन टाकते.

इंग्लंडमध्ये विद्यार्थ्याचे सरकारी कर्ज त्याच्या पगाराला बांधलेले असते. ठरावीक मर्यादेच्या वर कमाई गेली तरच वरच्या रकमेच्या ९ टक्के कापले जातात, कमाई कमी असेल तर काही नाही, आणि ठरावीक वर्षांनी उरलेले माफ होते. तिथेही त्या पद्धतीवर टीका होते. पण समाजकार्य शिकलेल्या मुलीला कमी पगार मिळाला तर तो तोटा तिच्या आईच्या पदरात पडत नाही.

शिष्यवृत्ती आहे, पण ती येते कधी?

खरे तर आमच्या वस्त्यांत बँकेचे कर्ज काढून एमए करणारी मुले अजून थोडी आहेत. बहुतेकांचे कर्ज वेगळ्या जातीचे असते. ते भिशीतून, बचत गटातून, पतपेढीतून, सोन्यावरून घेतलेले असते, आणि ते पदवीच्या किमतीमुळे होत नाही. ते शिष्यवृत्ती उशिरा आल्यामुळे होते. या लेखात एवढी एकच गोष्ट वाचकांच्या लक्षात राहिली तरी आम्हाला चालेल.

आमच्यातल्याच एकीची गोष्ट सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वीची. तेव्हा महाडीबीटी नव्हते, अर्ज कागदावर. संस्थेने सांगितले, आधी फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. ४० हजार लागत होते. आईने पोत पतपेढीत ठेवली, महिना दीड टक्का व्याज. शिष्यवृत्ती मंजूर झाली, पूर्ण मंजूर झाली, एक रुपया कापला गेला नाही. फक्त ती यायला २० महिने लागले. महिन्याला ६०० प्रमाणे १२ हजार व्याज गेले. सरकारच्या कागदावर या मुलीचे शिक्षण मोफत झाले आहे. घरच्या हिशोबात त्या मोफत शिक्षणाची किंमत १२ हजार रुपये आणि वीस महिने रिकामा गळा.

असे एकटीचेच होते असे नाही. घाटकोपरपासून हाकेच्या अंतरावर देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. १९३६मध्ये स्थापन झालेली, समाजकार्याच्या शिक्षणातली देशातली सर्वांत जुनी संस्था. फेब्रुवारी २०१८मध्ये तिथे आणि तिच्या तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटी इथल्या आवारांत विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. मुद्दा हाच होता. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या एससी, एसटी, ओबीसी विद्यार्थ्यांना संस्था जी आर्थिक मदत देत होती ती काढून घेतली गेली. वसतिगृह आणि खाणावळीचे पैसे आधी भरा, नंतर शिष्यवृत्तीतून भरून काढा, असा त्याचा अर्थ होता. संस्थेचे म्हणणे, आमच्याकडे पैसा नाही. विद्यार्थ्यांचे म्हणणे, आमच्याकडे तर त्याहून नाही. वंचितांवर अभ्यास करणाऱ्या संस्थेत वंचितांच्या मुलांना खाणावळीच्या बिलासाठी आंदोलन करावे लागले, हे आपण विसरता कामा नये. पण त्यातला धडा फक्त एका संस्थेपुरता नाही. सरकार आणि संस्था यांच्यामध्ये जो पैसा अडकतो, तो भरून काढायला शेवटी विद्यार्थ्याचे घर धरले जाते.

डिसेंबर २०२०मध्ये केंद्राने एससी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांचे ५९,०४८ कोटी मंजूर केले, केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असा ठरला. मोठी गोष्ट आहे, नाकारायची नाही. राज्याने आपला वाटा दिल्यावर केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. याच नव्या मार्गदर्शक सूचनांत फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे. हे कार्ड असलेल्या विद्यार्थ्याकडून संस्थेने प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क आणि वसतिगृह शुल्क घ्यायचे नाही. पैसे खात्यात आल्यावर विद्यार्थ्याने ते सात दिवसांत संस्थेला द्यायचे. विहारात आम्ही हात वर करून विचारतो, फ्रीशिप कार्ड कोणी ऐकले आहे? आजवर दोन हात वर आले आहेत. मागितल्याशिवाय कोणी देणार नाही. प्रवेशाच्या खिडकीवर लेखी मागा, नकार आला तर तोही लेखी घ्या, आणि तो कागद घेऊन चेंबूरच्या समाजकल्याण कार्यालयात जा. आम्ही सोबत येतो.

पण त्याच सूचनांत आणखी एक तक्ता आहे, तो प्रत्येक सामाजिक शास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहावा. निर्वाह भत्त्याचा. पदवी आणि पदव्युत्तर पातळीवरच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना वर्षाला वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी १३,५०० आणि घरी राहणाऱ्यांसाठी ७,०००. साध्या बीए-एमएला वसतिगृहात ६,००० आणि घरी राहणाऱ्यांना ३,०००. मुलुंडहून कलिनाला जाणाऱ्या मुलीला सरकार महिन्याला २५० रुपये देते. कुर्ल्यापर्यंत लोकल आणि पुढे बस किंवा शेअर रिक्षा. त्यात तिने पुस्तकेही घ्यायची आहेत. कोणत्या ज्ञानाला सरकार किती किंमत देते, हे या तक्त्याइतके स्पष्ट आम्हाला कुठल्या धोरणाच्या भाषणात दिसलेले नाही.

आणि हे २५० तरी तिला मिळतील का? शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा वर्षाला २.५ लाख आहे, २०१३पासून तीच. तिच्या आईवडिलांचे मिळून महिना २२ हजार, वर्षाचे २ लाख ६४ हजार. १४ हजारांनी ती बाहेर. मुंबईत दोघांनी मिळून २१ हजार कमावले की हे घर सरकारच्या लेखी शिष्यवृत्तीच्या पलीकडे जाते. मग उरते राज्याची फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती, भत्ता नाही. तीही अभ्यासक्रम महाडीबीटीच्या यादीत असेल तरच. तिच्या खासगी संस्थेचा अभ्यासक्रम त्या यादीत सापडला नाही. प्रवेशाच्या कागदावर मात्र "शिष्यवृत्तीसाठी मार्गदर्शन केले जाईल" असे छापलेले होते.

राज्याची स्वाधार योजना आहे, मुंबईसाठी वर्षाला ६० हजार. पण ती बाहेरगावाहून येऊन वसतिगृहाविना राहणाऱ्या मुलांसाठी आहे. उपनगरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांबरोबर अभ्यास करणारी मुलगी त्यात येत नाही, कारण तिला मुंबईत "घर" आहे.

बाबासाहेबांचा हिशोब

ज्येष्ठ मंडळी बाबासाहेबांचे उदाहरण देतात, तर ते पुरते द्यावे. १९१३मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र शिकले. म्हणजे आज घरोघर ज्या शाखांना "काय मिळते" असे विचारले जाते, त्याच. सयाजीराव गायकवाडांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती आणि त्या बदल्यात बडोदा संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. ती फुकट नव्हती. १९१७मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनमधले शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना, ती नोकरीही सोडावी लागली.

पुढचा भाग आपण घाईने वाचतो. ते लगेच कर्ज काढून लंडनला गेले नाहीत. नोव्हेंबर १९१८पासून सिडनहॅम कॉलेजात महिना ४५० रुपयांवर अर्थशास्त्र शिकवले. त्यातून पैसा बाजूला टाकला. १९२०मध्ये स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले ५ हजारांचे कर्ज, असे तीन पाय एकत्र बांधून ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३मध्ये डीएस्सी झाले. बाबासाहेब कर्जाला घाबरले नाहीत, पण त्यांनी ते सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी काढले. आणि ते ओळखीच्या माणसाकडून होते, जो दाराशी वसुली घेऊन येणार नव्हता.

या हिशोबाची आणखी एक बाजू आहे. त्या सगळ्या वर्षांत परळच्या चाळीतला संसार रमाईने ओढला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्यांची जी किंमत कुठल्याच करारात लिहिली गेली नाही, ती तिने भरली. घाटकोपरच्या वस्तीला आपण माता रमाबाई आंबेडकर नगर असे नाव दिले आहे. त्या वस्तीतल्या आयांच्या पोती आजही पतपेढीत आहेत.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यात एक अनणसुख, कोणाचे देणे नसण्याचे सुख. विहारात यावर प्रवचने होतात, तेव्हा उदाहरण लग्नाच्या कर्जाचे दिले जाते. शिक्षणाच्या कर्जाचे द्यायला आपली जीभ रेटत नाही, कारण शिक्षण पवित्र. व्याजाला ते कळत नाही.

पदवीनंतरचा बाजार

पदवी मिळाल्यावरचे चित्रही लपवून ठेवण्यात अर्थ नाही. स्वयंसेवी संस्थांतल्या नोकऱ्या प्रकल्पाच्या असतात, दोन-तीन वर्षांच्या, प्रकल्प संपला की घरी. २०२० साली परदेशी निधीचा कायदा बदलला. मोठ्या संस्थेने मिळालेला परदेशी पैसा लहान संस्थेला देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. वस्तीत काम करणाऱ्या लहान संस्थांनी आधी माणसे कमी केली. कंपन्यांच्या सीएसआरचा पैसा आहे, पण तो शाळेच्या भिंती रंगवण्यात आणि कौशल्य प्रशिक्षणात जास्त रमतो. जातीवर काम करणाऱ्या माणसाला तिथे जागा शोधावी लागते.

प्राध्यापकी म्हणाल तर नेट-सेट होऊनही वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवणारे आपल्याच ओळखीत आहेत. सुट्टीचे पैसे नाहीत, उन्हाळ्याचे नाहीत. जून २०२४मध्ये तर टिसने शंभरहून अधिक कंत्राटी शिक्षक-कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीची नोटीस दिली होती. टाटा ट्रस्टचा निधी मिळणार म्हटल्यावर दोन दिवसांत ती मागे घेतली गेली, पण सामाजिक शास्त्रे शिकवणाऱ्यांचीच नोकरी किती पातळ दोरीवर आहे, ते दिसले. पीएचडीकडे वळावे तर जेआरएफ महिना ३७ हजार आहे, ती मिळाली तर आमच्या मते समाजशास्त्राच्या मुलीसाठी यापेक्षा चांगली सुरुवात नाही. बार्टीची फेलोशिप आहे, पण २०२१च्या तुकडीतल्या ८६१ संशोधकांना ती मिळवण्यासाठी २०२३मध्ये आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसावे लागले. परदेशाचे दार पाहिले तर केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीतून २०२२मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले गेले. जात या विषयावर परदेशात अभ्यास करायचा असेल तर तो एससी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीवर होणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

एवढे सांगितल्यावर कोणी म्हणेल, मग मामाच बरोबर आहेत. तसे नाही. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ला गोळीबारात दहा माणसे गेली. त्यानंतर चौकशी आयोग बसला, साक्षी झाल्या, प्रतिज्ञापत्रे झाली. कोण कुठे उभे होते, जमाव कुठल्या दिशेला होता, हे कागदावर मांडू शकणारी, आयोगासमोर टिकेल अशा भाषेत लिहू शकणारी माणसे आपल्याकडे किती होती? आज त्याच पट्ट्यात पुनर्विकास चालू आहे. परिशिष्ट-२ मध्ये कोणाचे नाव आहे, कोणाचे अपात्र ठरले, सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत भाडेकरूचा रकाना आहे की नाही, हे वाचणारी माणसे लागतात. सर्वेक्षण म्हणजे काय हे शिकलेली मुलगी एका गल्लीतली तीस घरे वाचवू शकते. आम्ही ते पाहिले आहे. त्या कामाचे तिला पैसे मिळाले नाहीत, हाही त्याच गोष्टीचा भाग आहे. समाजाला अभ्यासक हवेत, पण त्यांचा खर्च त्यांच्या आयांनी भरावा, अशी आपली रीत झाली आहे.

मग काय सांगितले

त्या मुलीला आम्ही सांगितले, समाजशास्त्र कर, कर्ज नको. कलिनाला प्रवेश घे. वर्ग संपल्यावर अर्धवेळ काम बघ, पहिल्या सत्रापासून सेट-नेटचा पेपर एक समजून घे, जेआरएफ हे लक्ष्य ठेव. समाजकार्यच करायचे असेल तर अनुदानित महाविद्यालयाची पुढच्या वर्षीची प्रवेश परीक्षा दे. ४ लाखांच्या संस्थेत "प्लेसमेंट" लिहिले आहे, तर मागच्या तुकडीतल्या तिघांचे फोन नंबर मागून घे आणि पगार, पहिली नोकरी लागायला गेलेले महिने, आज तीच नोकरी आहे का, हे तीन प्रश्न विचार. तिने खरेच फोन केले. तिघांपैकी दोघे प्रकल्प संपल्यामुळे घरी होते, तिसरी बँकेत लागली होती.

आमचा सल्ला प्रत्येकाला लागू नाही. संस्था पीएम विद्यालक्ष्मीच्या यादीत असेल, अभ्यासक्रमाला व्याज अनुदान असेल, हप्ता अपेक्षित पगाराच्या सहाव्या भागाहून कमी बसत असेल, तर कर्जाचा विचार करायला हरकत नाही. सहावा भाग ही आमची मोजपट्टी, कुठल्या पुस्तकातली नाही. घरात एकच कमावणारा असेल तर तीही जास्त आहे.

आणि उशिरा येणाऱ्या शिष्यवृत्तीचे काय? त्यासाठी गेल्या वर्षी विहारात आम्ही एक छोटा निधी सुरू केला. जयंतीच्या डीजेसाठी जमणाऱ्या वर्गणीतून काही भाग बाजूला काढायचा, यावर तीन बैठका भांडणात गेल्या. शेवटी ११ घरांनी वर्गणीबाहेर वेगळे पैसे दिले. शिष्यवृत्ती मंजूर आहे पण आलेली नाही, अशा विद्यार्थ्याची फी या निधीतून बिनव्याजी भरायची, पैसे खात्यात आले की त्याने परत करायचे. पहिले १८ हजार विक्रोळीच्या एका मुलाला दिले. ते नऊ महिन्यांनी परत आले. दुसऱ्या मुलीचे पैसे अजून चेंबूरला अडकले आहेत.

शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटी नामंजूरच झाला तर निधीचे पैसे विद्यार्थ्याने फेडायचे की विहाराने सोडून द्यायचे, यावर आमच्यात एकमत झालेले नाही. निम्मे म्हणतात, सोडले तर निधी दोन वर्षांत संपेल. निम्मे म्हणतात, फेडायला लावले तर आपण आणि पतपेढी यांत फरक काय. येत्या रविवारी वंदनेनंतर याच विषयावर बैठक आहे.